उंबरठ्यापलीकडचा समुद्र

1998 व 1999 या दोन वर्षांत अमेरिकेतील ह्यूस्टन बंदरातून निघालेल्या सागरी सहलींच्या प्रवाशांत चाकाच्या खुर्चीवरून वावरणारी काही माणसे होती आणि त्यांच्यासमवेत त्यांचे सोबती होते. सहल आटोपून ही मंडळी घरी परतली आणि पुढे न्यायालयात गेली. त्यांचे गाऱ्हाणे वाऱ्यापावसाविषयी नव्हते, जहाजाविषयी होते. जहाजावरील बहुतेक खोल्या, त्यातही उत्तम जागी असलेल्या उत्तम खोल्या, त्यांना वापरता येत नव्हत्या. दारादारांशी असलेले उंच उंबरठे खुर्चीची चाके अडवीत होते. आपल्याकडून जादा आकार घेतला गेला, इतर प्रवाशांना न मागितलेली हमीपत्रे आपल्याकडून लिहून घेतली गेली, सोबती आणण्याची सक्ती करण्यात आली आणि आणीबाणीच्या कवायतीची ठिकाणे आपल्याला पोहोचता येणार नाहीत अशा जागी होती, असे त्यांचे म्हणणे होते. या साऱ्यांहून बोचणारी गोष्ट आणखी एक होती. ज्या अपंग प्रवाशाच्या अस्तित्वाने इतर प्रवाशांच्या ‘सुखस्वास्थ्याला’ बाधा येईल त्याला जहाजावरून उतरवण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे राखून ठेवला होता, असाही आरोप त्यांनी केला.

‘स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ या नावाने हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा अमेरिकेने 1990 मध्ये केला होता. कंपनीचे मुख्य ठाणे मायामीत, प्रवासी बहुतांशी अमेरिकन, सहली अमेरिकन बंदरांतून सुटणाऱ्या. असे असूनही जहाजांवर झेंडा मात्र बहामाचा. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेचा कायदा लागूच होत नाही, असा युक्तिवाद झाला आणि खालच्या अपील न्यायालयाने तो मान्यही केला. 6 जून 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अमेरिकेच्या सागरी हद्दीत आलेल्या परदेशी झेंड्याच्या जहाजांनाही हा कायदा लागू आहे, हे तत्त्व प्रस्थापित झाले. निकाल अर्थात एकमुखी नव्हता. न्यायमूर्तींची मते अनेक तुकड्यांत विभागली गेली. जो बदल केल्याने जहाजाच्या सुरक्षिततेला धोका पोहोचेल किंवा आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराचा भंग होईल तो करण्याची सक्ती नाही, ही मर्यादाही न्यायालयाने घालून दिली.

हा सारा प्रपंच कशासाठी, असे येथील वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बहामाच्या झेंड्याखाली फिरणारी तरंगती हॉटेले आणि त्यांतील श्रीमंतांच्या सुट्ट्या यांचा शाळामास्तराशी आणि कचेरीतील कारकुनाशी संबंध काय? ज्या देशात चाकाची खुर्ची घेऊन एस. टी. त चढता येत नाही त्या देशात जहाजावरच्या स्नानगृहाच्या उंबरठ्याची चर्चा करणे म्हणजे चैन, असेही कोणी म्हणेल. परंतु या प्रश्नाचे मूळ चैनीत नाही. चालता न येणाऱ्या माणसाला औषधोपचार मिळावा, शिक्षण मिळावा, नोकरी मिळावी, हे आता तत्त्वतः तरी सर्वांना मान्य झाले आहे. त्याला सुट्टी मिळावी, त्याने समुद्र पाहावा, हे मात्र अजून कोणालाच आवश्यक वाटत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने 2006 मध्ये संमत केलेल्या आणि भारताने 2007 मध्ये मान्यता दिलेल्या अपंगांच्या हक्कविषयक कराराचे तिसावे कलम करमणूक, क्रीडा आणि पर्यटनस्थळे यांचा स्पष्ट उल्लेख करते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते. (खुद्द अमेरिकेच्या सिनेटने डिसेंबर 2012 मध्ये या कराराला आवश्यक ते दोनतृतीयांश मताधिक्य दिले नाही, हाही एक विरोधाभासच.)

पायरी आणि लाट

चाकाच्या खुर्चीवरील माणसाच्या दृष्टीने जहाज ही मोठी विलक्षण वस्तू आहे. एका अर्थी त्याच्यासाठी याहून सोयीचा प्रवास नाही. जमिनीवरील सहलीत रोज नवे गाव, रोज नवे हॉटेल, रोज नवी पायरी. आपल्याकडील सहल कंपन्यांचे ‘सहा-सात-आठ’ सुप्रसिद्ध आहे: सहाला उठा, सातला न्याहारी, आठला बसमध्ये. खुर्चीवरील माणसाला अंघोळ घालून, कपडे चढवून, खुर्ची मोडून, बसच्या तीन उंच पायऱ्यांवरून त्याला उचलून आत नेण्याचे काम ज्याच्याकडे असते त्याच्यासाठी तो दिवस चारलाच सुरू होतो. जहाजावर सामान एकदाच उघडावे लागते. खोली, भोजनगृह, नाट्यगृह, ग्रंथालय आणि खुले डेक ही सारी उद्वाहनांनी जोडलेली असतात आणि गावे आपल्या पायांनी चालत यावीत तशी रोज सकाळी खिडकीशी येऊन उभी राहतात. पाश्चात्य देशांत अपंग आणि वृद्ध प्रवाशांचा ओढा सागरी सहलींकडे आहे तो उगाच नव्हे.

पण हीच सोय एका विशिष्ट बिंदूपाशी येऊन थांबते आणि तो बिंदू बहुधा सेंटिमीटरांत मोजता येतो. साधारण चाकाची खुर्ची साठ ते सत्तर सेंटिमीटर रुंद असते. जहाजावरील सामान्य खोलीचे दार त्याहून अरुंद असू शकते, आणि जुन्या जहाजांत स्नानगृहाच्या दाराशी पाणी अडवण्यासाठी वीतभर उंबरठा असतो. रुंद दार, सपाट जमीन, पकडायला दांडे आणि खुर्ची वळवण्याइतकी जागा असलेल्या खोल्या वेगळ्या बांधाव्या लागतात, आणि त्या फार थोड्या बांधल्या जातात. 2009 मध्ये प्रवासी सेवेत दाखल झालेल्या ‘ओॲसिस ऑफ द सीज’ या महाकाय जहाजावर सुमारे 2700 खोल्या आहेत. त्यांपैकी चाकाच्या खुर्चीसाठी योजलेल्या खोल्या पन्नासहूनही कमी. या खोल्या ऐसपैस असल्याने धडधाकट प्रवासीही त्यांवर डोळा ठेवून असतात. काही कंपन्या आता गरजेविषयीचे निवेदन भरून घेतात; तरीही वर्ष-दीड वर्ष आधी जागा राखून न ठेवल्यास खरी गरज असणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जो माणूस तीन महिन्यांनंतरच्या आपल्या प्रकृतीची खात्री देऊ शकत नाही त्याच्याकडून दीड वर्षांपुढचे नियोजन मागितले जाते.

दुसरा अडसर किनाऱ्याचा. जहाज धक्क्याला लागले तर शिडीवजा पुलावरून उतरता येते. त्या पुलाचा उतार भरती-ओहोटीबरोबर बदलत असतो. सकाळी सौम्य असलेली वाट दुपारी उभी चढण होऊन बसते आणि मग दोन-चार खलाशी खुर्ची धरून वर नेतात. या खलाशांत भारतीय पुष्कळ असतात. गोव्यातील तारवटींची परंपरा जुनी आहे, आणि बार्सिलोनाच्या धक्क्यावर एखाद्या जर्मन आजोबांची खुर्ची ढकलणारे हात सासष्टीतील असणे मुळीच अशक्य नाही. पण अनेक ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. पाणी उथळ असते किंवा धक्काच नसतो. मग जहाज बाहेर नांगरते आणि ‘टेंडर’ नावाच्या छोट्या होड्या प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. कॅरिबियन समुद्रातील ग्रँड केमन बेटावर असेच उतरावे लागते. ग्रीसमधील सँतोरिनी बेटाची गोष्ट तर आणखी निराळी: होडीतून उतरल्यावर डोंगरकड्यावरील फिरा गावापर्यंत जायला सहाशेच्या आसपास पायऱ्या, नाहीतर खेचर, नाहीतर दोरमार्ग. जहाज आणि होडी या दोहोंच्या मधल्या हेलकावणाऱ्या फटीवरून पाऊल टाकता येणे ही या उतरण्याची पूर्वअट. ज्याला पाऊलच टाकता येत नाही त्याने डेकवर बसून बेट पाहावे. विजेवर चालणारी खुर्ची शंभर किलोंहूनही जड भरू शकते. तिला होडीत घेण्यास बहुतेक कंपन्या नकार देतात आणि तो नकार कप्तानाच्या मर्जीवर सोडलेला असतो. सहलीचे पैसे भरताना पत्रकात सहा बंदरे असतात. प्रत्यक्षात खुर्चीवरील माणसाच्या वाट्याला तीन येतात. दर मात्र सहांचाच.

येथे सुरक्षिततेचा मुद्दा पुढे येतो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर दोन वर्षांनी सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जलरोधक दारे, पाणी अडवणारे उंबरठे, नौकांची संख्या यांमागे माणसांच्या मृत्यूंचा इतिहास आहे. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्ता कॉनकॉर्दिया’ हे जहाज खडकावर आदळून कलंडले आणि 32 माणसे दगावली. संकटकाळी उद्वाहने बंद होतात. पाच-सहा मजले चढून किंवा उतरून नौकेपाशी जावे लागते. हे चाकाच्या खुर्चीवरून कसे साधणार, हा प्रश्न रास्तच आहे. आक्षेप आहे तो या प्रश्नाच्या उत्तराला. ‘तुम्ही येऊच नका’ हे एक उत्तर झाले. जिन्यावरून सरकत नेता येणाऱ्या खुर्च्या ठेवणे, कोणत्या खोलीत कोण आहे याची नोंद जमावस्थानाकडे असणे, विशिष्ट खलाशांवर विशिष्ट प्रवाशाची जबाबदारी टाकणे आणि त्यांच्याकडून तशी कवायत करवून घेणे, हे दुसरे उत्तर. यापैकी कशालाही जहाजाच्या सांगाड्यात बदल करावा लागत नाही. आणि इतरांच्या ‘सुखस्वास्थ्याचे’ कलम सुरक्षिततेच्या कोणत्या करारात बसते? सुरक्षिततेचे नाव पुढे करून गैरसोय टाळण्याची ही रीत केवळ समुद्रावरची नाही. 2012 मध्ये कोलकात्याहून निघालेल्या एका विमानातून सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना, त्या जागेवर बसल्यानंतर, उतरवण्यात आले होते. अपंगांच्या प्रश्नांवरील परिषदेलाच त्या निघाल्या होत्या. 2016 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई देण्यास लावले.

इच्छा असली तर समुद्र किती सामावून घेतो याचे उदाहरणही आहे. ब्रिटनमध्ये 1978 मध्ये स्थापन झालेल्या ‘ज्युबिली सेलिंग ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेने ‘लॉर्ड नेल्सन’ नावाचे शिडाचे जहाज बांधून घेतले. 1986 पासून ते प्रवासाला लागले. धडधाकट आणि अपंग यांनी जोडीजोडीने, प्रवासी म्हणून नव्हे तर खलाशी म्हणून, ते चालवावे ही कल्पना. डेकवर खुर्ची फिरेल एवढी रुंद वाट, मजल्यांमध्ये उद्वाहने, अंधांसाठी बोलणारे होकायंत्र, आणि पुढे झेपावणाऱ्या डोलकाठीच्या टोकापर्यंत चाके नेता येतील अशी सोय. खुर्चीसकट माणसाला दोरांनी उचलून मुख्य डोलकाठीवर चढवीत असत. 2000 मध्ये ‘टेनेशियस’ हे दुसरे जहाज पाण्यात उतरले, तेही अपंग आणि धडधाकट स्वयंसेवकांच्या हातांनी बांधलेले. शिडाच्या जहाजावर, म्हणजे आधुनिक तरंगत्या हॉटेलापेक्षा कितीतरी अवघड जागी, हे साधले. पैशाअभावी 2019 मध्ये ‘लॉर्ड नेल्सन’ निवृत्त झाले आणि 2023 च्या अखेरीस संस्थेचा कारभारच थांबला. दातृत्वावर चालणाऱ्या कामाची ही नेहमीची गत आहे. हक्क म्हणून मिळालेली गोष्ट देणगीदाराचा हात आखडल्याने बंद पडत नाही.

सोबत्याची सुट्टी

या सर्व चर्चेत एक माणूस सदैव दृष्टीआड राहतो, आणि तो म्हणजे खुर्ची ढकलणारा. बहुधा ती ढकलणारी असते: पत्नी, आई, मुलगी, सून. पक्षाघाताने एक अंग लुळे पडलेल्या नवऱ्याची दहा वर्षे शुश्रूषा करणाऱ्या बाईला सुट्टी कोणती? तिला कोणी रजा देत नाही, तिच्या कामाची नोंद कोणत्या हजेरीपटावर होत नाही, आणि ‘तुम्ही दोघे कुठेतरी जाऊन या’ असा प्रेमळ सल्ला देणारे नातेवाईक त्या कुठेतरीमध्ये किती पायऱ्या आहेत हे मोजून पाहत नाहीत. घरी निदान पलंगाची उंची ठाऊक असते, संडासात भिंतीला लावलेला दांडा असतो, शेजारचा मुलगा हाकेला येतो. सहलीला निघाल्यावर हे सारे मागे राहते आणि तिचे काम दुप्पट होते. म्हणून अशी जोडपी सहलीला जात नाहीत. नातेवाईक समजतात की त्यांना हौस नाही.

जहाज या बाईला खरी सुट्टी देऊ शकते का? काही अंशी देते. स्वयंपाक नाही, धुणे नाही, बाजारहाट नाही. नवरा डेकवर सावलीत बसलेला असताना ती तासभर एकटी फिरून येऊ शकते, आणि तो एकटा बसू शकतो, हे दोघांनाही नवे असते. परस्परांच्या सतत सहवासाने थकलेल्या माणसांना एवढा विसावाही पुरतो. पण उचलणे, अंघोळ, संडास या व्यक्तिगत मदतीची जबाबदारी जहाजावरील नोकरवर्ग घेत नाही. कंपन्यांच्या नियमपत्रकांत ते स्पष्ट लिहिलेले असते. ज्या बंदरात खुर्ची उतरू शकत नाही तेथे सोबतीही उतरत नाही. कायद्याच्या भाषेत एकाला मज्जाव झालेला असतो, व्यवहारात दोघांना.

याहून विचित्र गोष्ट भाड्याची. युरोपीय संघाने 2010 मध्ये केलेले आणि डिसेंबर 2012 पासून लागू झालेले सागरी प्रवाशांच्या हक्कांविषयीचे विनियम या बाबतीत जगात सर्वांत पुढे गेलेले मानता येतील. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून तिकीट नाकारता येत नाही. बंदरात आणि जहाजावर विनामूल्य साहाय्य द्यावे लागते. प्रवाशाने 48 तास आधी कळवायचे. खुर्ची मोडली किंवा हरवली आणि त्यात वाहतूकदाराचा किंवा बंदर चालकाचा दोष असला, तर तिची पुरी किंमत द्यावी लागते. सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल तर वाहतूकदार सोबतीची अट घालू शकतो, आणि अशी अट घातल्यास त्या सोबत्याला फुकट नेले पाहिजे. मात्र ही शेवटची सवलत नेहमीच्या प्रवासी वाहतुकीला आहे, क्रूझ सहलीला नाही. म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत सोबती मोफत, आणि आठ दिवसांच्या सहलीत त्याच सोबत्याचे पूर्ण भाडे, जरी तो आला नाही तर पहिल्या प्रवाशाला घेणारच नाही असे कंपनीनेच बजावले असले तरी. येथे एका भारतीय संस्थेला श्रेय दिले पाहिजे. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आपली रेल्वे शयनयान वर्गात 75 टक्के सवलत देते, आणि तेवढीच सवलत त्याच्या सोबत्यालाही देते. डब्यात चढायचे कसे, हा प्रश्न वेगळा. पण सोबती ही चैन नसून गरज आहे एवढे तरी तिने ओळखले आहे.

पडावापासून टेंडरपर्यंत

टेंडर हा शब्द नवा असला तरी कोकणच्या माणसाला ती गोष्ट नवी नाही. मुंबई–गोवा आगबोटीच्या काळात अनेक बंदरांत बोट लांब उभी राही आणि प्रवासी पडावातून तिच्यापर्यंत जात. लाटेवर पडाव वर आला की खलाशी हात धरून वर ओढी. पोरे, म्हातारी, गाठोडी सारी तशीच वर जात. ज्याला उचलून घ्यावे लागे त्याला उचलले जाई. त्या उचलण्यात माणुसकी होती यात शंका नाही. पण उचलले जाणारे माणूस ओझ्याच्या सदरात मोडे, आणि कोणाला वारंवार ओझे व्हायचे नसल्याने ते पुढे घराबाहेर पडेनासे होई. आजही आपली बहुतेक व्यवस्था या उचलण्यावरच उभी आहे. घारापुरीला जायचे तर गेटवेपाशी दगडी पायऱ्या उतरून, ओहोटीला शेवाळलेल्या पायरीवर पाय सांभाळीत, कधी एका लाँचमधून दुसरीत उडी घेत जावे लागते. बेटावर उतरल्यावर लेण्यांपर्यंत पुन्हा शंभरावर पायऱ्या आहेत आणि त्यांसाठी डोली मिळते. 1987 पासून जागतिक वारसा म्हणून गणलेले ते शिल्प पाहायला माणसाने माणसाच्या खांद्यावरून जावे, हा एकच मार्ग उपलब्ध आहे.

डिसेंबर 2024 मध्ये याच घारापुरीच्या वाटेवर प्रवासी लाँचवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि माणसे बुडाली. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची चर्चा झाली, ती योग्यच होती. ज्याला पाय हलवता येत नाहीत अशा प्रवाशाला पाण्यातून कसे काढणार, हा प्रश्न त्या चर्चेत आला नाही, कारण असा प्रवासी लाँचवर असू शकतो हेच कोणी गृहीत धरलेले नाही.

कायदा नाही म्हणून हे असे आहे, असे म्हणण्याची सोय नाही. 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या 44 व्या कलमात जलयानांचा शब्दशः उल्लेख होता: रेल्वेचे डबे, बस, जलयाने आणि विमाने अपंगांना सहज चढता येतील अशी करावीत, आणि जलयानांतील स्वच्छतागृहे चाकाच्या खुर्चीवरील माणसाला वापरता यावीत. फक्त त्याच्या आधी ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशा अर्थाची एक छोटी शब्दयोजना होती. तिने संपूर्ण कलम गिळले. 2016 चा नवा अधिनियम कितीतरी अधिक व्यापक आहे. त्याच्या व्याख्येत जलवाहतूक स्पष्टपणे आली आहे. पण सोयी कोठे द्याव्यात हे सांगताना 41 व्या कलमाने बसथांबे, रेल्वेस्थानके आणि विमानतळ यांची नावे घेतली. बंदर आणि धक्का यांची घेतली नाहीत. वाहतुकीच्या सर्व साधनांविषयीच्या पुढील तरतुदीला ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य’ आणि ‘आर्थिकदृष्ट्या परवडणारे’ ही विशेषणे पुन्हा चिकटलीच. दरम्यान अपंगाचा विकलांग झाला आणि विकलांगाचा दिव्यांग झाला. नामकरणाच्या कामी शासन कधी मागे राहिले नाही.

8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने या शैथिल्यावर बोट ठेवले. सुगम्यतेची मानके केवळ मार्गदर्शक ठेवणारा 2017 चा पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवून, किमान काही मानके सक्तीची करावीत आणि ती तीन महिन्यांत ठरवावीत, असा आदेश न्यायालयाने दिला. ती मुदत फेब्रुवारी 2025 मध्ये संपली.

हे सारे आताच बोलणे आवश्यक आहे, कारण आपला किनारा पुन्हा एकदा प्रवासी जहाजांकडे वळत आहे. मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीप अशा क्रूझ सहली 2021 मध्ये सुरू झाल्या आणि नोकरदार कुटुंबांनी त्यांना चांगला प्रतिसाद दिला. लक्षद्वीपात जहाज बाहेरच नांगरते आणि पुढचा प्रवास छोट्या होडीतून होतो, म्हणजे सँतोरिनीचाच पेच अगत्तीत. सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईत बॅलार्ड पियरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. टर्मिनलच्या आत संगमरवरी जमीन आणि सरकते जिने असतीलच. कसोटी लागते ती इमारत संपून पाणी सुरू होते त्या दहा पावलांत.

या दहा पावलांवर उपाय आहे आणि तो मुंबईकरांनी पाहिलेला आहे. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. मोटारी आत जायच्या म्हणून बोटीला रुंद, सपाट उतरंड आली, आणि मोटार ज्या वाटेने जाते त्या वाटेने चाकाची खुर्चीही जाऊ शकते. वर्षानुवर्षे जी सोय माणसासाठी अशक्य होती ती मोटारीसाठी आवश्यक ठरताच झाली. जगातील इतर बंदरांत भरती-ओहोटीबरोबर खाली-वर होणारे तरंगते धक्के कित्येक दशके वापरात आहेत. बोट आणि धक्का एका पातळीवर राहतात आणि फट उरत नाही. 2018 च्या ‘सेलिब्रिटी एज’ या जहाजाने तर बाजूलाच वर-खाली सरकणारा प्रशस्त मंच लावून टेंडरमध्ये चढणे सुलभ केले. आपल्या सागरी मंडळाने किंवा बंदर प्राधिकरणाने लाँच सेवेचे परवाने देताना, नव्या धक्क्याचे कंत्राट काढताना, तरंगता धक्का, ठरावीक मर्यादेपलीकडे न जाणारा उतार, दोन्ही बाजूंना कठडा आणि खुर्ची वळेल असे एक स्वच्छतागृह या चार गोष्टी अटींमध्ये लिहिल्या, तर त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही. त्याने खुर्चीवरील माणसाची सोय होईल, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीची, कडेवर मूल असलेल्या बाईची व जड पेटी घेतलेल्या विद्यार्थ्याचीही होईल.

2011 च्या जनगणनेने महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक अपंगांची नोंद केली होती, आणि त्यांत म्हातारपणाने पाय गेलेली पुष्कळ माणसे धरलेली नसणार. यांतील कितीजणांना समुद्र पाहायचा आहे, असा आकडा कोणी मागितला तर तो देता येणार नाही. ज्या दाराशी पायरी आहे तेथे खुर्च्यांची रांग लागत नसते. गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन 4 डिसेंबर 1924 रोजी झाले. शंभर वर्षे उलटून गेली आहेत, आणि त्याच्या बाजूच्या पायऱ्यांवर अजून एक साधा कठडासुद्धा सलग नाही. तो बसवण्याइतके पैसे या महानगराच्या तिजोरीत आहेत.